घरगुती सिंगल फेजवर ३ एचपीचा थ्री फेज कॉम्प्रेसर : सिमेन्स व्ही२० ड्राइव्हचे परीक्षण

सिमेन्सचा सिनॅमिक्स व्ही२० हा छोटा ड्राइव्ह (सिंगल फेज विजेतून थ्री फेज तयार करून मोटर चालवणारे उपकरण), त्यातही २३० व्होल्ट सिंगल फेज इनपुटचा २.२ किलोवॅटचा प्रकार, मी सांगलीत घराला लागून असलेल्या फर्निचर पॉलिशच्या खोलीसाठी ३ एचपीच्या जुन्या थ्री फेज कॉम्प्रेसरवर बसवला आहे. ज्यांच्याकडे असा कॉम्प्रेसर आहे आणि घरात फक्त सिंगल फेज मीटर आहे, त्यांना हा ड्राइव्ह मी मनापासून सुचवतो. मात्र तो आणून दोन वायरी जोडल्या की काम झाले, असे समजून कोणी दुकानात जाऊ नये. ड्राइव्ह त्याचे काम चोख करतो. जोडणी यशस्वी होणार की नाही हे ठरते मोटरच्या वाइंडिंगवर (आतल्या तारेच्या गुंडाळ्यांवर), टाकीतल्या दाबानुसार मोटर चालू-बंद करणारा प्रेशर स्विच कुठे जोडला आहे त्यावर आणि घरातल्या वायरिंगवर. म्हणून या परीक्षणाचा मोठा भाग ड्राइव्हच्या डब्याबाहेरच्या गोष्टींना दिला आहे.

जुन्या बाजारात थ्री फेज कॉम्प्रेसर स्वस्त मिळतात, याचे कारण घरगुती गिऱ्हाइकाला ते चालवता येत नाहीत. गॅरेज बंद झाले किंवा एखाद्या शेडमध्ये स्क्रू कॉम्प्रेसर आला, की पट्ट्यावर चालणारा दोन सिलिंडरचा जुना कॉम्प्रेसर टाकीसकट कोपऱ्यात पडतो. हेड, व्हॉल्व्ह आणि रिंगा चांगल्या असतील, तर हे यंत्र बाजारातल्या हलक्या, थेट मोटरवर बसवलेल्या छोट्या कॉम्प्रेसरपेक्षा कितीतरी टिकाऊ असते. ते सावकाश फिरते, कमी तापते आणि एका एचपीमागे साधारण ३ ते ४ घनफूट प्रति मिनिट हवा देते. फवारणीची गन सलग चालवायची असेल, तर ही हवा उपयोगी पडते. जुनी टाकी घेताना मात्र तिची पाण्याच्या दाबाने चाचणी करून घ्यावी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवा बसवावा. त्या खर्चात काटकसर करू नये.

आता ड्राइव्हकडे येऊ. घरातला २३० व्होल्टचा एसी प्रवाह तो आधी डीसी करतो, जो आतल्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतो, आणि मग त्या डीसीचे बारीक तुकडे करून तीन फेज तयार करतो. या तीन फेजची वारंवारिता आपल्याला हवी तशी ठेवता येते, त्यामुळे मोटरचा वेगही आपल्या हातात येतो. तयार झालेले तीन फेज मात्र २३० व्होल्टचेच असतात, कारण असा ड्राइव्ह आत आलेल्या व्होल्टेजपेक्षा जास्त व्होल्टेज बाहेर देऊ शकत नाही. आपल्याकडची थ्री फेज मोटर ४१५ व्होल्टवर चालते. या दोन आकड्यांमधला फरक ज्याने आधी नीट समजून घेतला, त्याचे पुढचे काम सोपे होते.

सुदैवाने ३ एचपीपर्यंतच्या बहुतेक भारतीय मोटरी स्टारमध्ये, म्हणजे तिन्ही वाइंडिंगचे एकेक टोक एका सांध्यात जुळवून, जोडलेल्या असतात. स्टारमध्ये लाइनचे ४१५ व्होल्ट असले, तरी प्रत्येक वाइंडिंगच्या वाट्याला ४१५ भागिले १.७३२, म्हणजे सुमारे २४० व्होल्टच येतात. तीच मोटर डेल्टामध्ये, म्हणजे तिन्ही वाइंडिंग एकापुढे एक त्रिकोणात, जोडली की प्रत्येक वाइंडिंगला लाइनचे पूर्ण व्होल्टेज मिळते. म्हणजे २३० व्होल्टच्या थ्री फेजवर वाइंडिंगला जवळजवळ तितकेच व्होल्ट मिळतात, आणि ५० हर्ट्झवर मोटर आपली पूर्ण ताकद देते. टर्मिनल बॉक्समध्ये सहा खिळे असतील, तर काम पाच मिनिटांचे आहे : एका बाजूच्या तीन टोकांना जोडणारी पत्ती काढायची आणि यू१–डब्ल्यू२, व्ही१–यू२, डब्ल्यू१–व्ही२ अशा तीन उभ्या पत्त्या लावायच्या. मोटर स्टारमध्येच ठेवून २३० व्होल्टवर चालवली, तर तिचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, एक तृतीयांशावर येतो. ती रिकामी फिरताना दिसते आणि टाकीत थोडा दाब आला की गुरगुरत थांबते, आणि दोष मात्र ड्राइव्हच्या माथी मारला जातो.

५ एचपी आणि त्यावरच्या मोटरी बहुधा ४१५ व्होल्टला डेल्टामध्येच असतात. त्यांच्यासाठी ही युक्ती चालत नाही. नेमप्लेटवर कनेक्शनच्या पुढे काय लिहिले आहे हे खरेदीच्या आधी वाचावे.

खरी अडचण येते ती जुन्या छोट्या मोटरींची. अनेकींच्या टर्मिनल बॉक्समध्ये तीनच वायरी असतात आणि स्टारचा सांधा आत वाइंडिंगच्या डोक्याशी, वार्निश आणि दोऱ्याखाली दबलेला असतो. अशी मोटर मी गावातल्या वाइंडिंगच्या दुकानात नेली. तिथल्या कारागिराने झाकण उघडून सांधा शोधला, तो सोडवून तीन नवी टोके बाहेर काढली, त्यांवर स्लीव्ह चढवून पुन्हा वार्निश मारले आणि मेगर लावून इन्सुलेशन तपासून दिले. हे काम अनुभवी हाताचेच आहे, कारण जुन्या वाइंडिंगची तार वाकवताना एनॅमल सुटले तर पूर्ण मोटर भरावी लागते. डेल्टा जोडणीचा आणखी एक फायदा आहे. ड्राइव्हमधून येणाऱ्या व्होल्टेजमध्ये तीव्र ठोके असतात आणि जुन्या इन्सुलेशनवर त्यांचा ताण येतो. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये डीसी व्होल्टेज साडेपाचशेच्या पुढे असते, इथे ते सव्वातीनशेच्या आसपास राहते. ड्राइव्हसाठी खास बनवलेली नसलेली जुनी मोटर त्यामुळे सुखाने राहते.

ड्राइव्हची क्षमता निवडताना एचपीपेक्षा अँपिअर पाहावेत. ३ एचपीची, म्हणजे २.२ किलोवॅटची मोटर ४१५ व्होल्ट स्टारमध्ये पावणेपाच अँपिअरच्या आसपास घेते. डेल्टामध्ये हाच आकडा १.७३२ पट होऊन सव्वाआठच्या जवळ जातो. व्ही२० चा १.५ किलोवॅटचा ड्राइव्ह ७.८ अँपिअर देतो, तो इथे अपुरा पडतो, २.२ किलोवॅटचा ११ अँपिअर देतो, आणि कॉम्प्रेसरसारख्या झटके देणाऱ्या भारासाठी ही मोकळीक हवीच. ६० सेकंदांपर्यंत दीडपट भार पेलण्याची सोय या ड्राइव्हमध्ये आहे, सुरुवातीच्या क्षणी तिचाही उपयोग होतो.

घराच्या बाजूचा हिशेब वेगळा आहे आणि तो अनेकांना चकवतो. ड्राइव्हचा रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारा भाग, प्रवाह सलग न घेता व्होल्टेजच्या शिखरावर घोट घेतल्यासारखा घेतो, त्यामुळे मोटर सव्वाआठ अँपिअर घेत असली तरी पूर्ण भारावर मीटरकडून २० अँपिअर किंवा त्याहून अधिक ओढले जातात. गीझरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये प्लग खुपसून हे यंत्र चालवणे धोक्याचे आहे. मुख्य बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र वायर, तिच्यावर सी प्रकारची एमसीबी आणि भक्कम अर्थिंग एवढे हवेच. वीजबिलावर छापलेला मंजूर भारही पाहावा. तो १ किंवा २ किलोवॅट असेल, तर आधी महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करावा.

आता प्रेशर स्विच. माझ्या मते संपूर्ण जोडणीत सर्वांत जास्त लक्ष देण्याची जागा हीच आहे, आणि बाजारात सर्वांत जास्त ड्राइव्ह जळत असतील तर ते इथेच. मूळ कॉम्प्रेसरमध्ये प्रेशर स्विच मोटरच्या वायरीत किंवा स्टार्टरच्या कॉइलमध्ये बसलेला असतो. टाकी भरली की तो मोटरचा प्रवाह तोडतो. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये असा कोणताही स्विच ठेवता कामा नये. ड्राइव्ह चालू असताना त्याच्या आउटपुटची वायर तुटली आणि परत जोडली गेली, की आतल्या आयजीबीटीवर (डीसीचे तुकडे करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर) प्रवाहाचा लोंढा येतो. ड्राइव्हच्या इनपुटची वीज प्रेशर स्विचने तोडणेही बरोबर नाही, कारण दर काही मिनिटांनी कपॅसिटर रिकामे होऊन पुन्हा भरत राहिले तर ड्राइव्हचे आयुष्य घटते. योग्य मार्ग असा : ड्राइव्हच्या आउटपुटच्या तीन वायरी थेट मोटरला जोडाव्यात, आणि प्रेशर स्विचच्या संपर्कातून ड्राइव्हचा स्वतःचा २४ व्होल्टचा नियंत्रण प्रवाह पहिल्या डिजिटल इनपुटला द्यावा. दाब खाली आला की संपर्क जुळतो आणि ड्राइव्हला चालू होण्याचा आदेश मिळतो. दाब भरला की आदेश निघून जातो. प्रेशर स्विचला जोडलेली बारीक नळी, जी मोटर थांबल्यावर फुस्स आवाज करून हेडमधली कोंडलेली हवा सोडते, ती जशी आहे तशीच ठेवावी. ती हवा सुटली नाही, तर पुढच्या वेळी पिस्टनला सुरुवातीलाच दाबाविरुद्ध झगडावे लागते.

सेटिंगच्या बाबतीत व्ही२० ने मला समाधान दिले. पहिल्यांदा वीज दिल्यावर तो आधी ५० की ६० हर्ट्झ विचारतो आणि मग क्रमाने मोटरची माहिती घेतो : पी०३०४ मध्ये व्होल्टेज, पी०३०५ मध्ये अँपिअर, पी०३०७ मध्ये किलोवॅट, पी०३१० मध्ये वारंवारिता, पी०३११ मध्ये फेरे. इथे नेमप्लेटवरचे ४१५ व्होल्ट आणि स्टारचे अँपिअर न भरता डेल्टाचे आकडे भरायचे असतात. अँपिअर चुकीचे भरले, तर मोटरचे ओव्हरलोडपासून होणारे संरक्षण निरर्थक ठरते. यानंतर जोडणीचे आणि वापराचे तयार संच निवडता येतात. वापराच्या संचांमध्ये पंप, पंखा आणि कन्व्हेयर यांच्याबरोबर कॉम्प्रेसरचा स्वतंत्र संच आहे, एपी०२१. तो निवडल्याने अनेक बारीक सेटिंग एकदम योग्य जागी बसतात, आणि ज्याला ड्राइव्हचा अनुभव नाही त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे.

तीन गोष्टी मात्र हाताने बदलाव्यात. पहिली, किमान वारंवारिता, म्हणजे पी१०८०. या कॉम्प्रेसरमध्ये तेलाचा पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या खालचा चमचा तेलात बुडून ते वर उडवतो. वेग फार कमी झाला तर तेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही, म्हणून मी ही किमान मर्यादा ३५ हर्ट्झ ठेवली आहे. दुसरी, वेग चढण्याचा काळ, पी११२०. तो फार लांब ठेवला तर मोटर कमी वेगावर, जिथे तिची ताकद कमी असते तिथेच, पहिल्या दाबाच्या फेऱ्यात अडकते; तीन-चार सेकंदांत फ्लायव्हील गती घेते आणि पुढचे काम त्याच्या भाराने सोपे होते. थंडीत पहाटे तेल घट्ट असताना सुरुवातीला अडचण आली, तर पी१३१२ ने सुरुवातीचे व्होल्टेज किंचित वाढवावे. तिसरी, फिरण्याची दिशा. कॉम्प्रेसरच्या फ्लायव्हीलची पाती हवा सिलिंडरच्या दिशेने फेकतील अशीच दिशा हवी. उलट फिरले तर हवा भरत राहते, पण हेड तापते. मोटरकडच्या कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल केली की दिशा सुधारते.

रोजच्या वापरात जाणवलेला सर्वांत मोठा फरक सुरुवातीचा आहे. थेट जोडलेली मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या सहा-सात पट प्रवाह ओढते. घरात एवढा झटका बसला की दिवे मंदावतात आणि फ्रिज कण्हतो. ड्राइव्हवर कॉम्प्रेसर शांतपणे गती घेतो आणि शेजारच्या खोलीतला दिवा लुकलुकतही नाही. दुसरा फायदा वेगाचा. अशा कॉम्प्रेसरला लागणारा टॉर्क वेगाप्रमाणे फारसा बदलत नाही, त्यामुळे शक्ती जवळजवळ वेगाच्या प्रमाणात कमी होते. मी तो बहुतेक वेळ ४० हर्ट्झवर चालवतो. हवा पाचव्या हिश्शाने कमी मिळते, पण घराच्या वायरिंगवरचा भारही तेवढाच उतरतो, पट्ट्याचा आणि व्हॉल्व्हचा आवाज स्पष्ट घटतो, आणि वस्तीत दुपारच्या वेळी ही गोष्ट मोलाची ठरते. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज २०० च्या आसपास उतरते, तेव्हाही ४० हर्ट्झवर मोटरला पुरेसे व्होल्टेज मिळत राहते. ५० हर्ट्झवर मात्र तिची ओढाताण होते. मोटरमधून बारीक शीळ ऐकू येते. वाहक वारंवारिता (ड्राइव्ह डीसीचे तुकडे ज्या गतीने करतो ती) वाढवून ही शीळ कमी करता येते, पण ड्राइव्ह अधिक तापतो, म्हणून मी त्या वाटेला गेलेलो नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पडदा लहान आहे, त्यावर फक्त आकडे आणि सांकेतिक अक्षरे दिसतात. एफ१ म्हणजे जादा प्रवाह, एफ३ म्हणजे कमी व्होल्टेज, हे पुस्तिकेशिवाय कळत नाही, त्यामुळे पुस्तिकेची छापील प्रत जवळ हवीच. किंमत स्वस्त चिनी ड्राइव्हपेक्षा बरीच जास्त आहे. हा ड्राइव्ह उघड्या भिंतीवर लावण्याच्या लायकीचा नाही. त्याला धूळ आणि ओल यांपासून संरक्षण नाही, आणि लाकडाच्या भुशाने भरलेल्या खोलीत त्याला हवा खेळेल अशी वेगळी पेटी लागते. पॉलिशच्या खोलीत तर तो लावूच नये. थिनरची वाफ आणि प्रेशर स्विचची ठिणगी एकत्र येता कामा नयेत, म्हणून माझा कॉम्प्रेसर आणि ड्राइव्ह दोन्ही भिंतीपलीकडे आहेत आणि इकडे फक्त हवेची नळी येते. ड्राइव्हमधून अर्थिंगकडे थोडा प्रवाह झिरपतो, त्यामुळे घराची ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारा स्विच) विनाकारण पडू शकते. त्यावर आरसीसीबी काढून टाकणे हा उपाय नव्हे. ड्राइव्हच्या परिपथाला पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारची वेगळी आरसीसीबी द्यावी आणि मोटरची केबल आखूड ठेवावी. आत हात घालण्यापूर्वी वीज बंद करून किमान पाच मिनिटे थांबावे, कारण कपॅसिटरमधला भार लगेच उतरत नाही.

इतर पर्यायांविषयी थोडक्यात. गावाकडे थ्री फेज पंप सिंगल फेजवर ओढण्यासाठी कंडेन्सर लावण्याची युक्ती सर्वांना ठाऊक आहे. २३० व्होल्ट डेल्टाला एका किलोवॅटमागे सुमारे ७० मायक्रोफॅरड असा त्याचा ढोबळ हिशेब आहे. पण त्यात मोटरची ताकद दोन तृतीयांशावर येते, सुरुवातीचा टॉर्क फारच कमी मिळतो आणि तिन्ही वाइंडिंगमधला प्रवाह असमान राहतो. पंप एकवेळ चालेल. पिस्टनच्या कॉम्प्रेसरवर मोटर जाळण्याची ती खात्रीची वाट आहे. मोटरच बदलून ३ एचपीची सिंगल फेज मोटर बसवणे हा सरळ मार्ग आहे, आणि ज्याच्या मोटरचे वाइंडिंग सोडवता येत नाही त्याने तोच घ्यावा. मात्र सुरुवातीचा झटका घराला सोसावा लागतो. ५ एचपीचा कॉम्प्रेसर असेल किंवा दिवसभर काम असेल, तर गल्लीत थ्री फेज लाइन असताना ड्राइव्हवर पैसे घालू नयेत. थ्री फेज जोडणीचा अर्ज करावा. तिचा स्थिर आकार जास्त असतो, पण यंत्र आपल्या मूळ पद्धतीने चालते.

वीजदराच्या वर्गवारीचा, म्हणजे घरगुती की व्यावसायिक हा, प्रश्न यातच येतो. घरगुती मीटरवर व्यवसाय चालवला, तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. महावितरणच्या दरपत्रकात घराच्या एका भागात छोटा व्यवसाय करणाऱ्यांसाठी, दरमहा ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटपर्यंत वापर असल्यास घरगुती दराची तरतूद राहिलेली आहे. ताजे दरपत्रक पाहून आपण तिच्यात बसतो का, याची खात्री उपविभागीय कार्यालयात करून घ्यावी.

शेवटी एक बाब, जी आमच्याकडे वीज वारंवार जाते म्हणून विशेष महत्त्वाची आहे. कॉम्प्रेसर चालू असताना वीज गेली, तर प्रेशर स्विचचा संपर्क जुळलेलाच राहतो, आणि त्यामुळे हेडमधली हवा सुटत नाही. वीज परत आल्यावर मोटर लगेच सुरू झाली, तर ती भरलेल्या हेडवर सुरू होईल. व्ही२० चे कारखान्यातून आलेले सेटिंग, पी१२१० चे मूल्य १, वीज आल्यावर दोष पुसून टाकते, पण चालू होण्याचा आदेश एकदा काढून पुन्हा दिल्याशिवाय मोटर फिरवत नाही. हे सेटिंग बदलू नये. वीज आल्यावर प्रेशर स्विचच्या डोक्यावरचा खटका आधी बंद करावा. नळीतून हवा सुटल्याचा आवाज येतो आणि हेड मोकळे होते. मग खटका पुन्हा चालूवर आणावा. त्याच हालचालीत ड्राइव्हला नवा आदेश मिळतो आणि कॉम्प्रेसर रिकाम्या हेडवर सुरू होतो.